दोघांनीच शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडायचा आहे? पुण्यातून नेहमी येणारे प्रश्न

पुण्याला समुद्र नाही, तरी हे प्रश्न पुण्यातूनच फार येतात. खालची उत्तरं ३८ ते ४२ फुटी शिडाची बोट, दोनच माणसं (बहुतेकदा नवरा-बायको) आणि १५ ते २५ दिवस जमीन न दिसणारा टप्पा धरून दिली आहेत. प्रश्न स्वयंपाकाचा असो वा शिडांचा, उत्तर बरेचदा एकाच ठिकाणी येतं: आत झोपलेल्या माणसाला उठवावं लागेल का? दोघांच्या बोटीवर झोप डिझेलसारखी मोजून वापरावी लागते.

दिवस नेमका कसा जातो?

दिवसाची आखणी रात्रीपासून करायची. सर्वांत चालणारी पद्धत तीन-तीन तासांची: रात्री ८ ते ११ पहिल्याचा पहारा, ११ ते २ दुसऱ्याचा, २ ते ५ परत पहिल्याचा, ५ ते ८ दुसऱ्याचा. ज्याला पहाटे जाग येते त्याने ५ ते ८ घ्यावा, आणि हे वाटप मध्येच बदलू नये. शरीराला ठरावीक वेळ लागते.

तीन तासांच्या सुट्टीत प्रत्यक्ष झोप अडीच तासांचीच मिळते. ओलं जॅकेट काढणं, लघवी, पाणी पिणं यात अर्धा तास जातो. रात्री पाच तास झोप झाली तर उरलेले दोन-अडीच तास दिवसा भरून काढायचे. दुपारची झोप ही पुणेकरांची चैन म्हणून चेष्टेवारी नेतात, बोटीवर ती सक्तीची. सकाळी ८ ते ११ एकाने आडवं व्हायचं, दुपारी २ ते ५ दुसऱ्याने. म्हणजे दोघं एकत्र जागे असतात ते साधारण ११ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ८. जेवण, दुरुस्ती, हवामानाची चर्चा, सगळं याच सहा तासांत.

पहिल्या तीन रात्री वाईट जातात. चौथ्या दिवशी सकाळी अचानक बरं वाटायला लागतं. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांत मोठा स्वयंपाक, मोठी दुरुस्ती आणि मोठे निर्णय नकोत.

पहाऱ्यावर असताना करायचं काय? नुसतं बसून राहायचं?

दर १२ ते १५ मिनिटांनी उभं राहून क्षितिज पूर्ण गोल बघायचं. हा आकडा कुठून आला ते समजून घ्या. डोळा पाण्यापासून दोन मीटरवर असेल तर क्षितिज तीनच सागरी मैलांवर (एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, पुढे मैल म्हणजे हाच) असतं. मालवाहू जहाज उंच असल्याने त्याचे दिवे त्याहून लांबून दिसतात, पण सहा-सात मैलांच्या आत ते नीट ओळखू येतं असं धरा. ते १८ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) येतंय, तुम्ही ५ नॉटने समोरून जाताय, म्हणजे जवळ येण्याचा वेग २३ नॉट. सात मैल १८ मिनिटांत संपतात. स्वयंपाकघरातला टायमर खिशात ठेवा आणि तो वाजला की उठा, पुस्तकाचं पान पूर्ण करू नका.

एआयएसवर (जवळच्या जहाजांची जागा आणि वेग रेडिओवरून दाखवणारं यंत्र) जहाज दोन मैलांच्या आत येणार असेल तर ३० मिनिटं आधी वाजेल असा अलार्म लावावा. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तेवढ्यावर विसंबून चालत नाही. किनाऱ्यापासून साठ-सत्तर सागरी मैलांपर्यंत मासेमारीच्या बोटी भेटतात. कित्येकांकडे एआयएस नसतं, दिवे मनाला येतील त्या रंगाचे असतात आणि जाळ्याच्या टोकाला नुसता काळा झेंडा लावलेला तरंगा असतो. या पट्ट्यात दर पाच मिनिटांनी बघा.

तासाला एकदा नोंदवही: वेळ, अक्षांश-रेखांश, दिशा, वेग, वारा, हवेचा दाब, बॅटरीचा व्होल्टेज. दाबाचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण उष्ण कटिबंधात खरी सूचना तोच देतो. तिथे दाब रोज ठरल्याप्रमाणे वरखाली होतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी, फरक साधारण तीन मिलिबारचा. म्हणून कालच्या त्याच वेळेशी तुलना करायची. त्याच वेळेचा दाब नेहमीपेक्षा तीन मिलिबारने उतरला असेल तर काहीतरी शिजतंय.

पहारा बदलताना काय सांगायचं?

पाच मिनिटं, उभ्याने, तोंडी. कोणती जहाजं दिसताहेत, वारा वाढतोय की पडतोय, कुठला दोर कशावर बांधलाय, बॅटरी किती. नवीन माणसाचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत (वीसेक मिनिटं लागतात) आत लाल दिवाच वापरायचा. आणि उतरणाऱ्याने जाता जाता "जरा हे शीड नीट करून जातो" म्हणायचं नाही, तसं करताना चुका होतात.

झोपलेल्याला कधी उठवायचं?

हे किनाऱ्यावर असतानाच कागदावर लिहा आणि नकाशाच्या टेबलाशी चिकटवा. आमच्या मते किमान एवढं हवं: कॉकपिटच्या (बोट चालवायच्या उघड्या जागेच्या) बाहेर पाऊल टाकायचं असेल तर, जहाज दोन मैलांच्या आत येणार असेल तर, वाऱ्याचा वेग ठरलेल्या आकड्यावर गेला तर, आणि भीती वाटली तर. शेवटच्या कारणाला पुरावा लागत नाही. "उगाच उठवलंस" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की पुढच्या वेळी उठवायला उशीर होतो, आणि तो उशीर महागात पडतो.

शिडं कमी कधी करायची? वारा वाढल्यावर ना?

नाही, वाढण्याआधी. नेहमीच्या बोटीवर १८ ते २० नॉटला पहिला रीफ (शिडाचा खालचा भाग बांधून ते लहान करणं), २५ ला दुसरा, ३० च्या पुढे तिसरा. दोघांच्या बोटीवर आणखी एक नियम: सूर्य मावळायच्या आधी, दोघं जागे असताना, रात्रीसाठी एक रीफ घेऊनच टाकायचा. अर्धा नॉट वेग जाईल, पण मध्यरात्री दोघांची झोप मोडणार नाही. हा सौदा कायम फायद्याचा.

वारा मागून असेल तर फसगत होते. खरा वारा २० नॉट, बोट ७ नॉटने पळतेय, म्हणजे अंगावर जाणवतो फक्त १३. छान झुळूक वाटते. मग काही कारणाने बोट वाऱ्याकडे वळते आणि तोच वारा वीसच्या वर जाऊन आदळतो.

मेनसेलचा (मुख्य शिडाचा) रीफ एकट्याने घ्यायचा क्रम असा. बोट वाऱ्याच्या दिशेपासून ५०-६० अंशांवर आणून ऑटोपायलटला (सुकाणू धरणाऱ्या यंत्राला) द्या. मेनशीट (शीट म्हणजे शीड आत-बाहेर करणारा दोर) आणि व्हँग (बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, खाली ओढून धरणारा दोर) सैल करा, शीड फडफडलं पाहिजे. बूम खाली पडू नये म्हणून टॉपिंग लिफ्ट (बूम वरून तोलणारा दोर) ताणलेली आहे ना बघा. हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) आधी मार्करने केलेल्या खुणेपर्यंतच सोडा, ही खूण बंदरातच करून ठेवायची. शिडाची पुढची कडी हुकात अडकवा, हॅलयार्ड परत कडक ताणा, मग मागची रीफलाइन विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) घेऊन शिडाचा मागचा कोपरा बूमला टेकेपर्यंत ओढा. शेवटी व्हँग आणि शीट. मागची रीफलाइन आधी ओढली तर शीड डोलकाठीवरच्या सरकपट्टीजवळ फाटतं, ही चूक सर्रास होते. रीफलाइन अडकली तर विंचवर जोर वाढवू नका, वर बघा: बहुतेक वेळा शिडाची घडी बूमच्या कप्पीत चिमटलेली असते.

वारा मागून असताना बूमला पुढे बांधणारा प्रिव्हेंटर दोर हवाच. तो नसताना बूम अचानक दुसऱ्या बाजूला गेली तर डोकं, हात किंवा गूजनेक (बूम डोलकाठीला जोडणारा सांधा), काहीतरी मोडतं.

रोज सकाळी काय तपासायचं?

घासणारे दोर. वादळापेक्षा घासणं जास्त बोटींची वाट लावतं. वीस दिवस एकाच बाजूने वारा म्हणजे तोच दोर त्याच कप्पीवर लाखो वेळा हलतो. हॅलयार्ड दोन दिवसांनी दहा-पंधरा सेंटिमीटर सरकवा, म्हणजे घासणारी जागा बदलते. जिबची (पुढच्या शिडाची) शीट जिथे तारेला लागते तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा.

मग डेकवर एक फेरी. उडणारे मासे पडलेले असतात ते फेका (किंवा तळा). पण खाली एखादी पिन, नट किंवा स्प्लिट पिन सापडली तर सगळी कामं बाजूला ठेवून ती कुठून पडली ते शोधा. डोलकाठी उभी ठेवणाऱ्या तारांच्या खालच्या टोकाला, जिथे तार सॉकेटमध्ये शिरते, तिथे हाताचं बोट फिरवून बघा. तारेचा एक पदर तुटला की तो नखाला लागतो.

सुकाणू सतत धरून बसावं लागतं का?

लागलं तर दोघं चार दिवसांत गळून जाल. बोट स्वतः चालली पाहिजे, एकतर विजेवरच्या ऑटोपायलटवर किंवा वाऱ्यावर चालणाऱ्या विंडव्हेनवर. दोन्ही असणं चांगलं. ऑटोपायलट बिघडतो तो मुख्यतः जास्त शीड लावून बोट असंतुलित ठेवल्यामुळे. मोटर रात्रभर झगडत राहते, तापते, तिचे कार्बन ब्रश किंवा गिअर जातात. पायलटचा आवाज वाढला की शीड कमी करा. सुट्या भागांत अख्खी ड्राइव्ह मोटर घ्या, ब्रशचा संच नव्हे. विंडव्हेनला वीज लागत नाही, पण हलक्या वाऱ्यात मागून वारा असताना ती डळमळते.

वीज किती लागते?

१२ व्होल्टवर रोजचा हिशोब: ऑटोपायलट ७० ते १२० अँपिअर-तास, फ्रिज ४० ते ६०, उपकरणं आणि एआयएस २५-३०, दिवे-फोन २०. गोळाबेरीज दोनशेच्या आसपास. ४०० वॅटचे सोलर पॅनेल उष्ण कटिबंधात, शिडाची सावली वजा जाता, शंभरेक देतात. म्हणजे पॅनेल दुप्पट करा, नाहीतर विंडव्हेन लावून पायलट बंद ठेवा, नाहीतर फ्रिज सोडा. इंजिन चालवून भागवू म्हणणाऱ्यांसाठी: तासाला तीन लिटर, टाकी दीडशे लिटरची, म्हणजे सगळे मिळून ५० तास आणि जेमतेम २५० मैल. ते डिझेल वारा पडला तर आणि बंदरात शिरायला लागतं.

पिण्याचं पाणी, अंघोळ?

माणशी रोज ५ लिटर धरा, त्यात ३ पिण्याचे. दोघांना २० दिवस म्हणजे २०० लिटर, निम्मं जास्तीचं धरून ३००. हे पाणी एकाच टाकीत कधीच ठेवू नका, एक फुटली किंवा खारं पाणी शिरलं की सगळं गेलं. शिवाय ४० लिटर कॅनमध्ये, कॅन पूर्ण न भरता. थोडी हवा ठेवली तर ते समुद्रात तरंगतात, बोट सोडायची वेळ आली तर उपयोगी.

वॉटरमेकर (खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र) असला तरी टाक्या भरूनच निघायचं. तो उलट्या परासरणावर (आरओ) चालतो, दाब ५५ बारच्या घरात. बंदरातलं तेलकट पाणी आणि क्लोरीनचं नळाचं पाणी, दोन्ही त्याच्या पडद्याचे शत्रू. आठवडाभर वापरणार नसाल तर गोड्या पाण्याने धुऊन संरक्षक द्रावण भरून ठेवा.

अंघोळीला शेतात फवारणीसाठी मिळतो तो पाच लिटरचा हातपंप घ्या. नवा कोरा, औषध न घातलेला, मार्केट यार्डाच्या आसपास मिळेल. आधी बादलीने खारं पाणी, साबण, परत खारं, आणि शेवटी या पंपाने दीड लिटर गोडं. ही शेवटची पायरी टाळू नका. अंगावर वाळलेलं मीठ हवेतली ओल ओढतं, कपडे आणि गादी कायम दमट राहते, आणि बैठकीच्या जागी गळवं होतात.

स्वयंपाक कसा जमतो? सगळं सांडत नाही?

शेगडी झोके घेणारी असते, बोट कलली तरी ती सपाट राहते. भांड्यांना दोन्हीकडून पकडणारे चिमटे हवेत. आणि तुमचा खरा मित्र म्हणजे साधा तीन लिटरचा प्रेशर कुकर, कारण त्याचं झाकण लागतं. पलटला तरी उकळता वरण-भात पायावर येत नाही. निम्म्यावर भरू नका. एकावर एक डबे ठेवायची घरची सवय इथे नडते: बोट हलली की वरच्या डब्यातलं पाणी खाली जातं, भात फडफडीत आणि डाळ पातळ होते. घट्ट झाकणाचे खोल डबे घ्या. कुकरच्या तळातलं पाणी समुद्राचं चालतं, मात्र कुकर स्टीलचा हवा, अॅल्युमिनियमला लवकर खड्डे पडतात. भातात आणि बटाट्यांत एक भाग खारं, दोन भाग गोडं पाणी घाला, मीठ वेगळं लागत नाही.

शेगडीपुढे रबरी पँट किंवा जाड एप्रन घालूनच उभं राहायचं. बोटीवरच्या जखमांत भाजणं वरच्या क्रमांकावर आहे. कमरेला पट्टा बांधा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, पण पट्टा असा हवा की शेगडीपासून झटकन मागे सरता येईल.

पोळ्या होतात, बसून लाटल्या तर. गॅस मात्र खातात. थालीपीठ बरं, हातानेच थापायचं आणि भाजणी महिनोन्महिने टिकते.

स्वयंपाक दिवसाउजेडी उरका आणि संध्याकाळीच दोन थर्मास भरा, एक चहाचा, एक गरम पाण्याचा. रात्री शेगडी पेटवली की भांडी वाजतात आणि झोपणाऱ्याचं डोकं शेगडीपासून दोन मीटरवर असतं. त्याच कारणाने तुळशीबागेतून आणलेली स्टीलची भांडी कौतुकाने रचू नका. प्रत्येक दोन भांड्यांत एक जुना पायमोजा घाला. खणात सैल राहिलेला एक चमचा रात्रभर टण्, टण्, टण् करतो, आणि तो नेमका कुठल्या खणात आहे ते पहाटेपर्यंत कळत नाही.

शिधा किती घ्यायचा?

वीस दिवसांच्या टप्प्यासाठी तीस दिवसांचा. दोघांना: तांदूळ ५ किलो, कणीक ६, डाळी ३, मूग-मटकी २, पोहे-रवा-शेवया मिळून ३, भाजणी १, साखर-गूळ अडीच, दूध पावडर २, तेल २ लिटर, चहा अर्धा किलो, कांदे ६ किलो, बटाटे ५. अंडी खात असाल तर पाच डझन. याशिवाय मेतकूट, आमसुलं, सुकं खोबरं, शेंगदाण्याचा कूट, लोणचं. न शिजवता खाता येईल असं तीन दिवसांचं वेगळं ठेवा: चिवडा, खजूर, बिस्किटं, चिक्की. बाकरवडीही चालते, पण पहिल्या खराब रात्रीनंतर ती शिल्लक राहत नाही.

काय किती टिकतं?

लाल भोपळा न कापता दोन-तीन महिने. कोबी तीन-चार आठवडे, पण सुरी लावू नका, वरचं पान काढत जा. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत टांगा, एकत्र ठेवले तर बटाट्यांना कोंब येतात आणि दोन्ही सडतात. हिरवे टोमॅटो एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून. मिरच्यांचे देठ काढले की दिवस वाढतात. कोथिंबीर चार दिवस, मग विसरा. अंडी न धुतलेली आणि फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली घ्या, दोन दिवसांनी उलटी करा, महिनाभर जातात.

ताज्या भाजीला सर्वांत चांगला पर्याय आपल्याकडेच आहे. मूग आठ तास भिजवा, फडक्यात बांधून टांगा, दोनदा पाणी शिंपडा. तीस अंशांच्या उकाड्यात बारा-सोळा तासांत मोड येतात, त्याहून जास्त ठेवले तर आंबूस वास येतो. दहीही लागतं: लिटरभर कोमट पाण्यात ११० ग्रॅम दूध पावडर, चमचाभर विरजण, आणि तोंड रुंद असलेला थर्मास. विरजण संपू देऊ नका.

पुठ्ठ्याचे खोके बोटीवर आणूच नका, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. कणीक एकेक किलोच्या हवाबंद पिशव्यांत, म्हणजे किडे झाले तरी एकच पिशवी जाते.

गॅसची भीती वाटते.

वाटायलाच हवी. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात तो दारातून निघून जातो, बोटीत तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, त्या कप्प्याच्या तळाचं भोक थेट समुद्रात, आणि प्रत्येक वेळी शिजवून झालं की आधी सिलिंडरकडचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतला गॅस जळू द्यायचा. पाच किलोचा सिलिंडर दोघांना तीन-चार आठवडे पुरतो. दर देशात रेग्युलेटरचा आटा वेगळा, म्हणून जोडण्यांचा संच बरोबर ठेवा.

संडासचं काय?

सगळ्यांनी, सगळ्या कामांसाठी, बसूनच. पुरुषांनी डेकच्या कडेला उभं राहून लघवी करायची पद्धत सरळ बंद करा, ती माणूस पाण्यात पडायची नेहमीची जागा आहे. कमोडमध्ये पोटातून आलेलं सोडून काहीही टाकायचं नाही, कागदही डब्यात. पॅडचा तर प्रश्नच नाही, वीस दिवसांच्या टप्प्यावर मेन्स्ट्रुअल कप सोयीचा. पाणी उलटं यायला लागलं तर रबरी झडप गेलेली असते, दोन जास्तीच्या ठेवा. नळ्यांत लघवीचे क्षार जमतात, आठवड्याला पेलाभर व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवलं तर जमणं कमी होतं. प्लास्टिक समुद्रात कधीच नाही. उरलंसुरलं अन्न बारा मैलांच्या पुढे चालतं.

बोट लागते त्याचं काय करायचं?

बहुतेकांना लागते, बहुतेकांची दोन-तीन दिवसांत थांबते. गोळी निघायच्या आदल्या रात्रीच घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. सिनारिझिन किंवा मेक्लिझिन जमिनीवर एकदा घेऊन बघा, कोणाला किती झोप येते ते कळतं. प्रोमेथाझिनने गुंगी येते, पहाऱ्यावरच्या माणसाला ते नको. डोस डॉक्टरांना विचारूनच. आत वाकून शोधाशोध करणं हे मुख्य कारण, म्हणून पहिल्या दोन दिवसांचं जेवण, कपडे, औषधं हाताशी ठेवा. लघवी गडद आणि कमी झाली तर ओआरएस घोटघोट, दर पाच मिनिटांनी. तीन दिवसांनंतर वेगळीच तक्रार येते, बद्धकोष्ठाची. इसबगोल न्या. आणि निघण्याआधी दोघांनी दात तपासून घ्या.

एकजण पाण्यात पडला तर?

दोघांच्या बोटीवरचा हा सर्वांत कठीण प्रश्न. बोट सहा नॉटने जात असेल तर दर दहा सेकंदांना तीस मीटर अंतर पडतं. झोपलेल्याला कळायला तीन मिनिटं लागली तर पडलेला अर्ध्या किलोमीटरहून मागे. म्हणून पडायचंच नाही, ही पूर्ण योजना. रात्री आणि एकटं असताना आतल्या पायरीवर उभं असतानाच अंगाला बांधलेला सुरक्षापट्टा कॉकपिटच्या कडीत अडकवायचा, मग बाहेर. डेकवरची जॅकलाइन (पुढून मागे ताणलेली, सुरक्षापट्टा अडकवायची लाइन) चपट्या पट्टीची, गोल दोर पायाखाली घरंगळतो. पट्टा एक मीटरचा आखूड, म्हणजे कठड्यापलीकडे जाताच येणार नाही. दोन मीटरच्या पट्ट्यावर माणूस बाहेर लोंबकळत ओढला जातो आणि त्यातही बुडतो.

तरी पडलाच तर: एमओबी बटण (पडल्याची जागा जीपीएसवर नोंदवणारं), हाताला येईल ते तरंगणारं फेका, जिब न सोडता टॅक करून (बोटीचं नाक वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवून) बोट थांबवा, पाण्यात लोंबणारे दोर आत घेऊन मगच इंजिन. जवळ जाणं जमतं, वर घेणं जमत नाही. भिजलेलं ऐंशी किलोचं माणूस हातांनी उचलता येत नाही. हॅलयार्ड आणि विंच, किंवा सहा पट ताकदीची कप्पी तयार हवी. दोघांतल्या कमी ताकदीच्या माणसाने जास्त वजनाच्या माणसाला बंदरात उचलून दाखवलं पाहिजे. तोवर निघू नका.

भांडणं होतात का?

होतात, आणि बहुतेक झोपेअभावी. नांगर टाकताना होणारी वेगळी, ती इंजिनाच्या आवाजात एकमेकांवर ओरडल्यामुळे. हाताच्या खुणा ठरवा: पुढे, मागे, थांब, डावीकडे, उजवीकडे.

कोण कप्तान, हे कागदोपत्री एकच नाव असलं तरी कामागणिक ठरवलेलं बरं. पण शिडांबाबत एक नियम निरपवाद: दोघांत जो जास्त सावध, त्याचं ऐकायचं. आणि दोघांनाही सगळं आलं पाहिजे. "इंजिन तो बघतो, स्वयंपाक ती बघते" ही वाटणी एकजण तापाने पडेपर्यंतच चालते. इंजिनाच्या डिझेल-नळीतली हवा काढणं, रेडिओवर मेडे (जिवावरच्या संकटाची हाक) देणं, रीफ घेणं आणि कुकर लावणं, चारही दोघांना.

दोघांनी जायची कल्पना वेडेपणाची नाही हे घरच्यांना पटवायचं असेल तर नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांचं उदाहरण द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या 'तारिणी' ही शिडाची बोट घेऊन गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. त्यांच्यामागे सरावाची काही वर्षं होती, तेही सांगा.

कुठून कुठे, आणि कधी?

नारळी पौर्णिमेला कोळी समुद्रात उतरतात, पण दोघांच्या बोटीला ती तारीख लवकरची. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन काळ: मोसमी पावसाआधी मे-जून आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. मे २०२१ चं तौक्ते आठवत असेल. डिसेंबर अखेर ते मार्च चांगला, वारा ईशान्येचा आणि हलका-मध्यम. पायऱ्या अशा चढा: मुंबई-गोवा सव्वादोनशे सागरी मैल, कोची-माले (मालदीव) चारशे, मुंबई-सलाला (ओमान) अकराशे. अटलांटिकचा कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचा टप्पा सत्तावीसशेच्या आसपास, अठरा ते बावीस दिवसांचा. दिवसाला १२० ते १४० मैल धरा. सहा नॉट म्हणजे ताशी अकरा किलोमीटर, लक्ष्मी रोडवर गर्दी नसताना सायकल याहून जोरात जाते.

हवामानखातं म्हटलं की पुणेकरांना शिमला ऑफिस आठवतं, पण चक्रीवादळांची बुलेटिनं दिल्लीच्या केंद्रातून निघतात. ती वाचायची सवय आत्तापासून लावा.

घरच्यांशी संपर्क?

इथे एक सापळा आहे. इरिडियम आणि थुरायाचे सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे, खिशातले छोटे उपग्रह-संदेशक त्यातच आले. परदेशात बोट विकत घेऊन भारतात येणाऱ्यांनी हे आधी निस्तरावं. ४०६ मेगाहर्ट्झचं ईपर्ब (संकटात उपग्रहाला जागा कळवणारं यंत्र) वेगळं, ते हवंच, आणि भारतात त्याची नोंदणी बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्राकडे होते. तटरक्षक दलाचा बचावासाठीचा नंबर १५५४, तो घरच्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

घरच्यांना रोजच्या मेसेजचं वचन देऊ नका. उपकरण बिघडलं की पुण्यात रडारड सुरू होते. "आठ दिवस काही आलं नाही तरी घाबरायचं नाही" असं ठरवा, आणि नवव्या दिवशी कोणाला फोन करायचा तेही. आणखी एक, संकष्टी धरणाऱ्यांसाठी: पंचांगातला चंद्रोदय पुण्याचा आहे. दर एक अंश पश्चिमेला वेळ चारेक मिनिटं पुढे जाते. समुद्रावर क्षितिज उघडं असतं, सरळ चंद्र बघूनच उपास सोडा.

पुण्यात राहून तयारी काय करता येते?

खडकवासल्यावर एनडीएच्या छात्रांची शिडं दिसतात. छोट्या डिंगीवर (शिडाच्या होडीवर) वारा समजणं जसं शिकता येतं तसं मोठ्या बोटीवर नाही, तेव्हा संधी मिळाली तर सोडू नका. यॉटमास्टर ऑफशोअरच्या (ब्रिटनच्या आरवायए संस्थेच्या कप्तानपदाच्या दाखल्याच्या) परीक्षेला किमान ५० दिवस आणि २,५०० मैलांचा अनुभव लागतो. तो ध्येय म्हणून ठेवा. डिझेल इंजिन शिकायला मात्र कुठे जायला नको: ओळखीच्या गॅरेजमध्ये चार रविवार जाऊन फिल्टर बदलणं, हवा काढणं, इम्पेलर (थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा) आणि पट्टा बदलणं हात काळे करून शिका. आणि घरीच आठवडाभर तीन-तीन तासांचे पहारे करून बघा, सोमवारी ऑफिस असताना.

पोहोचल्यावर पहिलं काम?

अंधारात अनोळखी बंदरात शिरायचं नाही. रात्री पोहोचत असाल तर पंधरा-वीस मैल बाहेर शीड आखडून उजाडेपर्यंत थांबा. पिवळा झेंडा चढवा आणि मंजुरी मिळेपर्यंत किनाऱ्यावर उतरू नका. मागच्या बंदराचा निर्गमन दाखला सगळ्यांत वर ठेवा, पहिल्यांदा तोच मागतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणार असाल तर मूग, मटकी, मध, ताजी भाजी तिथे पोहोचेपर्यंत संपवा, नाहीतर ते जप्त होऊ शकतं. मग नांगर नीट धरलाय याची खात्री करून दोघंही एकाच वेळी झोपा.